एक्केचाळीस नंबर

सिनेटरचं भाषण सुरू झालं तेव्हा मी पान्हा शोधत होतो,
म्हणून पहिला भाग हुकला.
बँड मात्र ऐकू आला.
हायस्कूलची पोरं, एकाचा ट्रॉम्बोन भलतीकडेच चाललेला,
आणि अर्धं टॅलो क्रीक घडीच्या खुर्च्यांवर.
आज मांडीवर नातवंडं घेऊन बसलेत
ते सगळे कधीकाळी दुसऱ्या पाळीला असायचे.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये
याच दारातून मी खोकी बाहेर काढली.
दोनशे बारा मशिनं, मोजे विणायची, शिवायची.
प्रत्येकाला वंगण, मेणकापड, वर खिळे.
काढून द्याल तर सहा आठवडे जास्तीचा पगार, म्हणाले.
काढून दिली.
आपल्याच ताटाखालचा पाट
मोजून, पुसून, पत्ता लिहून पाठवला.

व्हर्लीन प्रुइटला तर विमानाने धाडलं,
होंडुरासला, चोलोमा नावाच्या गावी,
तिथल्या पोरींना चवड्याची शिवण शिकवायला.
जन्मातलं पहिलं विमान.
पंधरा दिवसांनी आली ती गप्पच.
एवढंच म्हणाली, "चलाख आहेत रे.
एक दिल्सिया म्हणून आहे, डावखुरी, माझ्यासारखी.
माझं मशीन तिलाच द्या म्हटलं, एक्केचाळीस नंबर."
(त्याची दोऱ्याची कडी मीच डावीकडे बसवून दिली होती,
सुपरवायझरला न विचारता.)
मग अठरा वर्षं व्हर्लीन स्वस्तातल्या दुकानाच्या गल्ल्यावर
तेच मोजे विकत उभी राहिली,
सहा जोड एका पिशवीत.

"आपलं काम आपल्या घरी!" सिनेटर म्हणाला.
बाह्या दुमडलेल्या, बरोब्बर दोन घड्या.
मोजे कुठले ते पँटमुळे दिसलं नाही.
निवडणुकीआधी चौदाशे नोकऱ्या होत्या.
पानगळीपर्यंत सहाशे झाल्या.
आज कागदावर बासष्ट,
त्यातल्या चाळिसांना दोन वर्षांचा डिप्लोमा हवा,
कारण नवी यंत्रं आपली आपण विणतात,
चवडाही शिवतात,
सूत तुटलं तर लाल दिवा लावून वाट बघतात.
वीस वर्षांचा कर जिल्ह्याने सोडलाय.
म्हणून शाळेचं छप्पर पुढच्या वर्षी.
बँडची पोरं त्याच छपराखाली सराव करतात, बादल्या चुकवत.

टाळ्या मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू?
भोंगा वाजला तेव्हा पोटात काहीतरी हललं.
गावभरची कुत्री भुंकत सुटली,
भोंगा गेल्यानंतर जन्मलेली सगळी.

आणि दर्शनी दालनात, काचेच्या पेटीजवळ,
"आमचा वारसा" अशी पाटी लावून ठेवलेलं जुनं मशीन.
चोलोमाचा कारखाना गेल्या वर्षी बंद पडला,
तिथल्या भंगारातून कंपनीने हे एक उचललं.
मला बोलावलं ते एवढ्यासाठीच: घासूनपुसून चकचकीत कर.
झाकण उघडलं.
आत खिळ्याने कोरलेलं व्ही. पी.,
त्याखाली मेरीमातेचं बोटाएवढं चित्र, तेलाने काळवंडलेलं,
आणि नेलपॉलिशने लिहिलेलं एक डी.
कडी अजून डावीकडेच. झिजून पातळ झालेली.
सुईखाली एक मोजा अडकलेला,
लहान मुलाचा, नारिंगी,
चवडा निम्मा शिवलेला.

मी तो काढला नाही.

फोटोसाठी व्हर्लीनला पुढे बोलावलं.
सिनेटरने तिचा हात दोन्ही हातांत घेतला:
"शेवटी घरी आलं, नाही का?"
व्हर्लीन मशीनकडे बघत होती.
"तिला कोणी सांगितलं का?" तिने विचारलं.
"कोणाला?" त्याने हसतच विचारलं, कॅमेऱ्याकडे बघत.

गर्दी बाहेर केक खायला गेली.
ती स्टुलावर बसली,
डाव्या हाताने चाक दोन घरं मागे घेऊन
मोजा अलगद सोडवला,
दात लावून दोरा तोडला, गाठ मारली.
गणवेशातली पोरगी धावत आली, "मॅडम, ती प्रदर्शनातली वस्तू आहे."
"अर्धवट आहे," व्हर्लीन म्हणाली,
आणि मोजा पर्समध्ये टाकला.

मी पान्हा पुसून पेटीत ठेवला.
माझे पैसे एका दिवसाचेच होते.