साकु

मागांच्या खडखडाटात आमची गल्ली जेवते, झोपते.
शहापुरात, त्या गल्लीच्या शेवटी, पत्र्याखाली माझं दुकान,
आणि दुकानात चार दिवस
एक गिटार पालथी, पाठ नसलेली.

बाजू शिसवाच्या. नंदगडच्या बाजारात
मोडीत निघालेला पलंग, त्याच्या फळ्या चिरून
गरम नळीवर पाणी शिंपत कमरेला बाक दिला.
एक तडकली. दुसऱ्या दोन तगल्या.
आता ठरवायचं एवढंच:
खोली किती.

सेवेरिना टीचर कॅम्पातून रिक्षानं आलेल्या.
तेवीस वर्षं शाळेत प्रार्थना बसवल्या,
आता उजवा खांदा वर जात नाही.
वडिलांची गिटार घेऊन आलेल्या, पिंपाएवढी.
एक तार छेडली. खर्ज माझ्या बाकड्यात उतरला,
किसांच्या ढिगात उतरला.
दुसऱ्या ओळीला त्यांचा दंड थांबला.
"आवाज हाच पाहिजे," म्हणाल्या, "आणि हात दुखायला नको."
"बघूया की," मी म्हटलं.
बघूया की म्हणजे आमच्याकडं
होय नव्हे, आणि नाही तर नव्हेच नव्हे.

खोल ठेवली तर आतली हवा सुस्तावते,
हुंकार देते, पण उशिरा,
आणि मधले सूर त्या हुंकारात बुडतात.
उथळ केली तर चटकन बोलते,
दारातूनच बोलून जाणाऱ्या पाहुण्यासारखी.

माझे वडील मापं करायचे.
शेर, अधोली, पायली; लोखंडी पट्टी मारलेली.
एकदा बैलहोंगलचा अडत्या आला,
म्हणाला, बाहेरून हेच दिसू दे,
आतून तळ दोन सूत उचल.
घरात तेव्हा माझी बहीण तापानं फणफणलेली.
वडिलांनी उचलला.
नंतर कधी आईनं ताटात भात कमी वाढला
तर ते ताट फिरवून बघायचे, तळाशी.
मापात पाप, एवढंच म्हणायचे, आणि जेवायचे.

दोन सूत म्हणजे काय ते मला बाराव्या वर्षी कळलंय.

म्हणून मी तळ उचलला नाही.
कलता केला.
मानेपाशी चार इंच, शेपटाकडे पावणेपाच,
ही उतरण सगळेच देतात.
पण जिथं टीचरचा दंड टेकणार
त्या कडेला चार सूत कमी,
आणि मांडीवर बसणाऱ्या कडेला चार सूत जास्त.
समोरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.
तीच हातचलाखी, बाबा.
फक्त या खेपेला कुणाचं काही गेलेलं नाही.

महांतेश मुरगोडचा. माझ्याकडं येऊन दीड वर्ष.
रंधा माझ्या हातात, कडेवर दंड त्याचा,
टीचरसारखा खांदा पाडून बसलेला.
एक पापुद्रा. तो मान हलवतो. आणखी एक.
मी मराठीत पुटपुटतो, तो ऐकत नाही,
डोळे मिटून लाकूड ऐकतो.
मग म्हणाला, "साकु."
मला वाटत होतं अजून अर्धा सूत.
रंधा उचलला होता मी.
पण पुरे म्हणणारा दंड त्याचा होता,
माझा नव्हे.

रात्री वडिलांचा शेर काढला, खरा, उचलल्या तळाचा नव्हे.
पालथ्या पोकळीत ज्वारी ओतली, पट्टीनं सपाट केली, परत मोजली.
चौदा शेर आणि वर एक मूठ.
साच्यावर, सरळ कडांनी, तेवढीच भरली होती.
मूठ धरून.

पाठ चिकटवली. सरस वाळला.
सकाळी उचलून बघतो
तर आत काहीतरी खुळखुळलं:
अस्तराच्या खाचेत राहिलेला एक दाणा.
वाकड्या तारेनं काढायला बसलो,
निघेना.
महांतेश हसायला लागला,
आणि बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.