पाण्याचा आवाज

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या,
भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले.
तिथून दर गुरुवारी रात्री साडेनऊला
रास अल खैमाभर ऐकू जायचा
सद्रू मेस्त्री.

सद्रूला अंग नव्हतं.
आवाज बस चालवणाऱ्या अन्वर मुकादमचा,
शब्द सायरा परकारचे,
उरलेलं सगळं मी.
त्याची पावलं म्हणजे परातीतली वाळू आणि माझ्या मुठी,
परांची म्हणजे दोन सळ्या,
समुद्र म्हणजे सुपात घोळवलेले मूग.
दिवसा मी एसी दुरुस्त करायचो.

सद्रू पाणी प्यायचा नाही.
चौदाव्या मजल्यावरून लघवीला उतरायचं
म्हणजे अर्ध्या तासाचा पगार कापायचा.
जीभ टाळूला लावून तो ब्लॉक रचायचा,
घरी फोनवर सांगायचा, इकडे मजेत.
लघवी चहासारखी झालीय,
हे सायरानं लिहिलं तेव्हा
मॅनेजर म्हणाले, बाई, फॅमिली ऐकते हे.
ती म्हणाली, मग कुणी ऐकायचं?

कॅम्पात रेडिओ कुणाकडे नसतो.
बटणांचा मोबाइल, इयरफोनची वायर तीच एरियल,
एक टोक याच्या कानात, एक त्याच्या,
डोक्याला डोकं लागलेलं.

तेराव्या भागात सद्रू कोसळला.
(सिमेंटची अर्धी गोणी, मी टाकली.)
मग शुद्धीवर. मग कागदावर फक्त एवढंच:
पाणी ओततात. बराच वेळ.
मी तांब्यातून स्टीलच्या पेल्यात धार धरली.
सायरानं काचेपलीकडून बोट फिरवलं, अजून.
पेला भरला, वाहिला, टेबल भिजलं,
अन्वरचे पुढचे संवाद भिजले,
ते त्यानं मनानंच म्हटले.

शनिवारी त्रेचाळीस नंबरच्या खोलीत एसी उघडून बसलो होतो.
खालच्या बंकवर निजामाबादकडचा पोशन्ना,
उशाशी पाच लिटरचा कॅन,
कॅनवर पेनानं रेघा : आठ, दहा, बारा.
म्हणाला, सद्रूभाई वाचणार ना?
मी फिल्टर धूत राहिलो.
त्यांच्या मजल्यानं फोरमनला सांगितलं होतं,
टाकी वर येईल तेव्हाच आम्ही वर येऊ.
फोरमन हसला. टाकी आली.
तीन दिवस रिकामीच होती,
चौथ्या दिवशी भरली.

पोशन्नाला मात्र उशीर झाला होता.
मार्चमध्ये त्याला घरी पाठवलं,
बॅगेत कॅन रिकामा करून ठेवला होता म्हणे.
स्पॉन्सर गेला, मालिका अठराव्या भागाला थांबली,
सद्रू हॉस्पिटलच्या बाकावर बसलेलाच राहिला.

पावसाळ्यात त्याचा फोन आला.
नंबर एसीवरच्या माझ्या स्टिकरवरून घेतलेला.
आठवड्यातून दोनदा मशीनवर असतो,
दिवसाला दीड पेला पाणी, मोजून.
सद्रूचं पुढं काय झालं, तुमच्या ओळखीत कुणी आहे का रेडिओवर?

खरं सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, ते पाणी तुम्ही ओतलं होतं?

तांब्या ओट्यावरच होता.
मोबाइल भांड्याशी धरला
आणि उंचावरून, बारीक,
ओतायला लागलो.

अजून थोडं, तो म्हणाला.