दाराआड

बैस. आधी दम खा.
खालून वर मोजल्यास ना? सगळे मोजतात.
सिनेमात तो एकशे तीस पायऱ्या चढतो,
इथं भरतात सत्त्याऐंशी.
उरलेल्या म्हणे दुसऱ्याच कुठल्या गावात आहेत.
तिथं चढणारे, त्रेचाळीसच कशा, म्हणत
कुणाच्या तरी दारात असेच बसत असतील.

जरा मोठ्यानं बोल. या बाजूनं.
तो कान मी गोदीला दिला.
एकवीस वर्षं जहाजांच्या पोटाशी फळीवर बसून
हातोडीनं गंज झोडपला आम्ही बायकांनी,
कांग कांग, कांग कांग,
वस्तीला नावच पडलं त्यावरून.
आता ते नावही बघायला येतात लोक,
आवाज गेल्यावर.

हो, हीच ती निळी भिंत.
निळी नव्हती. रंगच नव्हता तिला,
खारं पोपडं होतं, शेवाळ होतं,
आणि आमच्या पोरानं खिळ्यानं कोरलेलं एका मुलीचं नाव.
तिचं लग्न उल्सानला झालं, तेव्हा पुसलं ते बरंच.
सिनेमावाल्यांनी एका सकाळीत निळी केली,
आता दर मार्चला पालिकेचा माणूस डबा घेऊन येतो.
निळ्याचा नंबर त्याच्या वहीत आहे.

पाऊस टँकरचा.
माझं वाळत घातलेलं आधी काढायला लावलं,
मग चष्मेवाली एक पोरगी धापा टाकत आली,
आजी, परत घाला ना, तसंच खरं वाटतं.
म्हणून तो पांढरा बनियन दिसतो चार सेकंद.
धुतलेलं पुन्हा भिजलं.
भरपाई म्हणून नाशपातींचा खोका दिला.
गोड निघाल्या, खोटं का बोलू.

पण तू ज्यासाठी आलास ते सांगते.
ती वर, तो खाली, आणि कुणीच काही बोलत नाही,
ती शांतता.
मागच्या आठवड्यात तैपेईची एक मुलगी
इथं उभी राहून नुसती रडली त्या शांततेसाठी.

त्या दिवशी दाल-सू रात्रपाळी करून आत झोपला होता.
कानांवर हेडफोन चढवलेला एक मुलगा
दारात येऊन वाकला, म्हणाला,
आजी, माफ करा, आतून घोरणं ऐकू येतंय.
मला काय ठाऊक!
मला ते ऐकू येणं बंद होऊन वर्षं झाली होती.
पाठीवर हात ठेवला की तळव्याला कळायचं,
धक्क्याला लागलेली बोट
इंजिन चालू ठेवून उभी असते, तसं.

हलवलं त्याला. ओठांवर बोट ठेवलं.
उठून बसला अंथरुणातच,
केस उभे, गालावर उशीची घडी,
आणि बाहेर ती दोघं एकमेकांना बघत होती तेवढा वेळ
आत हा माझ्याकडं बघत राहिला.
नऊ वेळा घेतलं त्यांनी ते.
नऊ वेळा आम्ही श्वास धरला.
सातव्यांदा त्याला हसू फुटायला लागलं,
मी उशी दाबली तोंडावर.
इतका वेळ त्यानं मला
लग्न ठरवायला आला तेव्हाही पाहिलं नव्हतं.
तेव्हा तर त्याचं सगळं लक्ष ताटातल्या माशात.

सिनेमा लागला तोवर तो गेला होता.
नाम्पो-दोंगच्या थिएटरात मी एकटीच.
अख्खं थिएटर तिच्या डोळ्यांत बघत होतं,
मी कोपऱ्यातल्या दाराकडं.
बंद दार, अर्ध्या बनियननं झाकलेलं.
त्याच्यामागं तो जागा आहे.
इतकी चांगली गप्प बसलेली माणसं
सिनेमात दुसरी नाहीत.
नावांच्या यादीत शेवटपर्यंत शोधलं,
उगाचच.

काढ फोटो, काढ. दार नको,
हे ॲल्युमिनियमचं नंतर बसवलं,
ते लाकडी आता फक्त सिनेमात आहे.
भिंत घे. मांजर आलं तर तेही घे.
आणि उतरताना कठडा धर,
एकसष्टावी पायरी हलते.
सिनेमात हलत नाही,
ती त्या दुसऱ्या गावची.