कथित

कसबा बावड्याच्या कोर्टात, लोकअदालतीच्या टेबलाशी
इंगवले वकीलबाईंनी मसुदा वाचला:
अर्जदार भूपाल मगदूम, कथित लस, कथित इजा.
‘लस कथित कशी ओ?’ हे म्हणाले,
‘शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. बत्तिसावा होतो मी.’
बाई हसल्या. तेवढा शब्द खोडला.
दुसरा राहिला.

तीन लाख चाळीस हजार.
कुणाचीही कबुली नाही. पुढं कुठंही बोलायचं नाही.
घरात चालेल का, हे मी विचारलं नाही.

खरं तर मलाही ठाऊक नाही.
त्याच महिन्यात यांना ताप होता,
उद्यमनगरात लेथवर डबल पाळी होती.
सीपीआरच्या डॉक्टरांनी लिहिलं: नाकारता येत नाही.
या तीन शब्दांवर आम्ही चार वर्षं तारखा काढल्या.

सही उजव्या हातानं.
डाव्यानं कागद दाबून धरायचा असतो,
तो मी धरला.

बाहेर गाड्यावर चहा घेतला.
कप घ्यायला सवयीनं डावा खांदा हलला,
मग थांबला.
चहावाला म्हणाला, ‘काय झालं ओ हाताला?’
यांनी माझ्याकडं बघितलं,
मग कपात.
‘कथित,’ म्हणाले.