एका अंड्याचा लिलाव

सुगीच्या सणाला परिंच्यात आम्ही एकोणीस जण.
विसावं धरायचंच तर रूथचं तान्हं बाळ,
संदेश सुरू झाला की झोपतं,
तेवढ्यापुरतं अगदी मोठ्यांसारखं.

वेदीपुढे बाजरीची कणसं, दोन डांगर,
डोळे उघडलेली सीताफळं, घेवड्याची पाटी
आणि सलोमीबाई ओव्हाळांचं एक अंडं,
वाटीभर तांदळात रोवून उभं केलेलं.
"एकच कोंबडी उरलीय, साहेब.
आज घालती का नाही, म्हणून
पहाटेपासनं तिच्या तोंडाकडं बघत बसले."

लिलाव पुकारायला येशुदास शेलार,
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर,
अजून "पुढं सरका" म्हटल्याशिवाय त्याची बोली सुटत नाही.
अंडं पन्नासला आमोसनं घेतलं,
हात लावला आणि परत ठेवलं. "देवाला."
पुन्हा बोली. सत्तर. परत वाटीत.
रूथनं नव्वदला घेतलं, तिनंही परत ठेवलं.
गलका ऐकून चहावाला बबन खुटवड दारात आला,
तो आमच्यातला नाही,
चपला बाहेर काढून म्हणाला, "माझे एकशेदहा.
पण उकडलेलं आहे का?"
देवळात इतकं हसू मी पाच वर्षांत ऐकलं नव्हतं.
पेटीवर बसलेला पोरगा हसता हसता
काळी-चार सोडून भलत्याच सुरावर पडला.

एका अंड्याचे सगळे मिळून तेराशे चाळीस.
एक पत्रा येईल.
व्यासपीठावरचा, जिथं गळतं तिथला.
दर पावसाळ्यात मी डावीकडे सरकून बोलतो,
मंडळीला वाटतं, साहेबांची लकब आहे.

पिशवीत पुण्याहून आलेलं पत्र होतं.
ते मी वाचून दाखवलं नाही.
लहान मंडळ्या सासवडला जोडाव्यात,
एवढ्या संख्येसाठी स्वतंत्र उपासना परवडत नाही,
कृपया पंधरा दिवसांत कळवावे.
खाली शिक्का, शिक्क्यावर सही,
सहीखाली "प्रभूमध्ये आपला".

परवडत तर नाहीच.
चार गावं, एक मोपेड, दोन महिन्यांचा पगार थकलेला,
आणि घरी जेवायला बसलो की वाजणारा फोन:
मुलाला दाखला हवा, सून माहेरी गेली,
साहेब, बाबा कसंतरी करतायत, या.
जूनमध्ये सलोमीबाईंचा दानिएल गेला
तेव्हा खड्डा खणायला आम्ही तिघंच.
पोरं हडपसरला, चाकणला, कुणाला सुट्टी नाही.
मुरूम लागला. मी सदरा काढून खाली उतरलो.
चारला खोरं ठेवलं, पाचला त्याच हातांनी
मूठभर माती टाकली, प्रार्थना केली,
आणि शब्द संपल्यावरही हात खाली येईना.
फोड आले होते, एवढंच.
दुःख नंतर आलं, गुरुवारी, दाढी करताना.

शेवटची बोली येशुदासची होती.
त्यानं अंडं परत ठेवलं नाही,
माझ्या वरच्या खिशात घातलं.
"उतरायचं ठिकाण आलं," म्हणाला.

मग परिंचे ते सासवड
मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश गेलो.
प्रत्येक खड्ड्याशी थांबून, पाय टेकून,
बैलगाडीला पुढं जाऊ देत,
एक हात छातीशी.
रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल,
या माणसाचं हृदय दुखतंय.
खरं म्हणजे मी मनात एकेक नाव घेत होतो
आणि खिशातलं ऊन
अंड्याचं की माझं, कळत नव्हतं.

घरी आलो. प्रमिलानं पत्र वाचलं,
घडी घालून डब्याखाली ठेवलं,
"आधी चहा घ्या," म्हणाली.

साडेनऊला फोन. सलोमीबाई.
"पोचलं का?"
"हो, पोचलो की मघाशीच."
"तुम्ही नाही हो," त्या म्हणाल्या, "अंडं."

पोचलं, सलोमीबाई.
धड आहे.