चौदा

वादी सुमैरच्या तोंडाशी जीप थांबली तेव्हा
माझ्या वहीत नुसते आकडे होते.
खल्फान बिन मतर काठी टेकत पुढे झाला
आणि बोट दाखवत बोलू लागला:

हा सुहैलचा खडक. खोऱ्यात पहिला तोच आला,
दोन गाढवं, एक बायको,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली खजुराची अकरा रोपं.
या खडकाला पाठ लावून पहिली रात्र काढली.
तो बुरूज त्याच्या लेकाचा. अर्धाच आहे.
भांडण मिटलं, मग उरलेला अर्धा कोण बांधतो?
ते बोराचं झाड सुनेचं. रुसली की तिथं बसायची.
आणि हा फलज,
डोंगराच्या पोटातून काढलेला वीतभर रुंद पाट,
यातलं अर्धा तास पाणी शम्साचं.

शम्सा कोण?
तीच की. दोन गाढवांबरोबर आलेली.
सात पिढ्या झाल्या जाऊन,
तिची पाळी अजून कुणी चुकवत नाही.

मी सगळं लिहून घेतलं. नकाशात मावलं नाही.
कंपनीला उंची हवी होती, समुद्रापासून,
मिलिमीटरपर्यंत.
सुहैलच्या खडकावर लाल रंगानं बाण काढला
आणि खाली अरबी आकड्यांत चौदा.

तुझं नाव काय, खल्फाननं विचारलं.
वेतोरेकर. वेतोरे हे गाव.
पाहिलंयस?
एकदा. एस्टीच्या खिडकीतून.
तो हसला नाही.
म्हणजे तुमच्यात, म्हणाला,
माणूस गाव पाठीवर घेऊन फिरतो. कासवासारखा.

एकोणीस वर्षांनी त्याच रस्त्यानं गेलो.
खल्फान टेकाडावरच्या बिननावाच्या दगडांत गेलेला.
त्याचा नातू गाडीला टेकून फोनवर कुणाला सांगत होता:
ये लवकर, अर्बाताशपाशी आहे.
अर्बाताश.
म्हणजे चौदा.
सुहैलचा खडक कुठला रे? मी विचारलं.
त्यानं मान खाजवली.
हा अर्बाताश. आजोबांच्याही आधीपासून.

बाण माझाच होता, पण रंग ताजा.
कुणीतरी गिरवत असणार, सणासुदीला.

मी पाटाशी जाऊन तोंड धुतलं.
एक बांगलादेशी पोरगा आला,
फडक्यात बांधलेला धोंडा उचलून
पाणी डावीकडच्या बागेत वळवलं.
कुणाचं पाणी?
शम्सा मॅडमचं, तो म्हणाला,
मनगटावरचं घड्याळ बघत.
मी कधी पाहिल्या नाहीत.
पण वेळेच्या फार पक्क्या आहेत म्हणतात.