टेम्पोची सीट

घणसोलीत चौथ्या मजल्यावर
रात्री दीड वाजता माझी हर्षाली
ताशी दोनशेनं वळणात शिरते.
सीट छोट्या टेम्पोची, तुर्भ्याच्या भंगारातली,
खाली मी वेल्ड केलेला सांगाडा.
ब्रेकच्या पेडलला ट्रकची स्प्रिंग लावलीय,
मांडी भरून येईतो दाबावं लागतं.
खऱ्या गाडीत असंच असतं, म्हणते.
मी कुठं बसलोय खऱ्या गाडीत?

हेडफोनमध्ये वेस्ली. इंडियानाचा, सोळा वर्षांचा.
बापानं आधी बोट विकली, मग मक्याचं शेत,
नि पोराला धाडलं इटलीला, एकट्याला.
आमच्या गावात फक्त डावीकडे वळतात,
असं सांगून तोच हसतो.
उजवं वळण हिनं शिकवलं त्याला:
आधी थांब, मग वळ, मग विसर.

काल तो गप्पच.
मग म्हणाला, पुढच्या वर्षाचे पैसे जमले नाहीत,
माझी सीट दुसऱ्याला गेली.
हर्षालीनं गाडी गवतात घेतली.
बाकीचे सुसाट निघून गेले.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली ठाणे-बेलापूर रोडवर
एका कंटेनरनं गिअर पाडला.

विचार त्याला, जेवलास का?
पास्ता, म्हणाला. गार.

मला काही सुचेना.
टेम्पोच्या सीटचा एक बोल्ट कधीचा खुळखुळत होता,
तेरा नंबरचा पाना घेऊन खाली वाकलो.
बाबा, तो विचारतोय आवाज कसला.
सांग म्हटलं,
सीट पक्की करतायत.